दोन कुलपांचा खांब

माझ्याजवळ कोणीही आले की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. रागावू नका मित्रांनो, सवयच तशी लागली आहे. मी झेंड्याचा एक जुना खांब आहे. लायपझिग शहराच्या कडेला, रेल्वेरुळांपलीकडे, कामगारांच्या बागांमध्ये उभा आहे.

डोंगरातल्या एका देवदारासारख्या उंच फरच्या झाडापासून मला घडवले. तासून, पांढरा रंग देऊन इथे पुरले. प्रत्येक कुटुंबाला बागेचा एक लहान तुकडा, त्यात खोपटे आणि बटाट्यांचे वाफे. मी मात्र सगळ्यांचा मिळून एकच. कापणीच्या सणाला माझ्यावर बादशहाचा झेंडा चढे आणि मुले टाळ्या वाजवत. ते माझे लाडाचे दिवस होते.

मग युद्ध झाले. ते हरल्यावर बादशहा पळून गेला आणि लोकांचे राज्य आले. कोपऱ्यातल्या बागेतल्या लीनाबाईंचा नवरा युद्धातून परतलाच नाही. त्यांनी नव्या राज्याचा झेंडा स्वतः शिवला. काळा पट्टा नवऱ्याच्या कोटाचा, लाल रजईचा, सोनेरी पडद्याचा.

"माझा माणूस फुकट नाही गेला, एवढं तरी मला वाटू दे," त्या म्हणत. तो झेंडा माझ्यावर फडकावा, ही त्यांची इच्छा माझीही झाली.

एका रविवारी गुस्ताव राडेमाखरने तो चढवला. त्याचा पक्ष नव्या सरकारात होता. सोमवारी एमिल श्टोल्सने तो उतरवून नुसता लाल लावला, कारण त्याला मॉस्कोसारखी कामगारांची क्रांती हवी होती. दोघे एकाच कारखान्यातले, एकाच यंत्रावर शिकलेले.

"तुमच्या सरकारनं आमच्या माणसांवर गोळ्या झाडल्या, गुस्ताव! त्या झेंड्याखाली मी बटाटासुद्धा सोलणार नाही."

"आणि तू रे? मॉस्कोला विचारल्याशिवाय शिंकत तरी नाहीस!"

बागांचे अध्यक्ष कुलमाय मिशीतल्या मिशीत हसत. बादशहाचा झेंडा त्यांनी डांबरगोळ्या घालून जपला होता. आमच्याकडे कुंपण किती उंच असावे यासाठीही सभा भरते, तशी ती भरली आणि कुलमायांनी तोडगा सुचवला. माझी दोरी पायथ्याच्या लोखंडी पेटीत ठेवायची. पेटीला कुलपे दोन, एक किल्ली गुस्तावकडे, दुसरी एमिलकडे. दोघे मिळून आले तरच झेंडा चढेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्यात काहीतरी काळेबेरे वाटले.

दर ऑगस्टमध्ये, राज्यघटनेच्या दिवशी, लीनाबाई झेंड्याला इस्त्री करून पेटीवर येऊन बसत. "आधी त्याला किल्ली काढू दे," असे दोघेही म्हणत. वर्षे गेली. माझा रंग उडाला, आणि मला रंगवायलाही कोणी पुढे होईना. मला फार वाईट वाटे.

पुढे कारखाने बंद पडले. लोक खोपट्यांत राहायला आले, आणि फाटकाशी तपकिरी सदऱ्यांचे तरुण घुटमळू लागले. एका सकाळी लीनाबाई धावत आल्या.

"उद्या ते इथे स्वतःचा स्वस्तिकाचा झेंडा लावणार आहेत. आज तरी दोघे किल्ल्या आणा रे!"

"हा एमिलचा डाव असेल," गुस्ताव म्हणाला. "पेटी उघडली की तो लालच चढवणार."

"लावू दे त्यांना," एमिल म्हणाला. "चार दिवसांत तोंडावर आपटतील. मग आमचीच पाळी."

"घाबरता काय, बाई?" कुलमाय म्हणाले. "पोरं तापट आहेत, पण माझ्या मुठीत आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या तरुणांनी कुऱ्हाड आणली आणि कुलपे फोडली. दोरी त्यांच्या हातात गेली आणि मी काहीच करू शकलो नाही. कुलमायांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात त्यांचे अध्यक्षपदही गेले.

त्यानंतर त्याच तरुणांनी गुस्ताव आणि एमिलला पकडून एकाच ट्रकमधून नेले. नेण्याआधी त्यांचे खिसे रिकामे केले आणि सामान माझ्या पायथ्याशी फेकले. त्यात दोन्ही किल्ल्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. सभेनंतर त्या पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या.

ट्रक गेल्यावर लीनाबाईंनी त्या उचलल्या. फुटलेल्या पेटीकडे बघून त्या ढसाढसा रडल्या. झेंडा त्यांनी रजईच्या आत शिवून टाकला.

मित्रांनो, संशय मीही घेतो, तुम्हीही घ्या. पण कोणी तुमच्या खांबाची दोरी कुलपात ठेवायला निघाला, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका.