तिसऱ्या नंबरची सून

किल्लीकाकांना तो फोन भर दुपारी आला. पलीकडची बाई म्हणाली, "कुलूप उघडायचंय. लगेच येता का?"

"किल्ली हरवली?"

"हरवली नाही. नाहीचये. म्हणजे किल्लीचं कुलूपच नाही ते."

काकांनी तीस वर्षं कुलपांत घालवली होती. जुनी, गंजलेली, तिजोरीची, सायकलची, नवरा-बायकोच्या भांडणात एकमेकांच्या कपाटाला लावलेली, सगळी त्यांनी उघडली होती. बिनकिल्लीचं कुलूप म्हणजे काय ते त्यांना उमगलं नाही, तरी त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई दाराला पाठ लावून पायरीवर बसली होती. गळ्यात शिट्टी, पायात खेळाचे बूट. शाळेत खेळ शिकवायची. दाराला कुलपाच्या जागी काळी पट्टी होती आणि तिच्यावर निळे आकडे लुकलुकत होते.

"रोज चार आकडे दाबले की उघडतं," ती म्हणाली. "आज म्हणतंय, सुरक्षा वाढवलीये. जुना नंबर रद्द. नवा नंबर नोंदवलेल्या फोनवर पाठवलाय."

"मग फोनवर बघा ना."

"माझा फोन नोंदवलेला नाही. दोन फोन फुकट होते. एक यांचा, एक आईंचा. तिसऱ्याला दर महिन्याला वेगळे पैसे. हे म्हणाले, रोजचा नंबर तर तुला पाठच आहे, कशाला उगाच?"

"साहेबांना फोन करा की."

"कारखान्यात फोन गेटवर काढून ठेवतात. चारपर्यंत नाही मिळणार."

"आणि आई?"

"आई आत आहेत," ती म्हणाली, आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे गं बाहेर?"

काका चक्रावले. "मग त्याच उघडतील!"

"पायाला प्लास्टर आहे. उठायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तीनची गोळी द्यायला म्हणून मी शाळेतून पळत आले." तिने दाराला तोंड लावलं. "आई, फोनवर नंबर आलाय ना? तो सांगा!"

"नाही सांगणार."

"अहो, मी आहे!"

"तुझ्या नवऱ्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंय. फोनवर आलेला नंबर कुणालाही सांगायचा नाही. बँकवाला म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही."

"पण मी तुमची सून!"

"आवाज तर तिचाच आहे," म्हातारी आत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "पण हल्ली आवाजाची पण नक्कल करतात म्हणे. आणि सोबत पुरुष कोण आहे?"

"कुलूपवाला, आजी," काका म्हणाले.

"बघा! चोर येताना कुलूपवाला घेऊनच येणार."

काकांना हसावं की चिडावं कळेना. म्हातारीचं म्हणणं तसं बरोबरच होतं. तेही दार उघडण्याआधी घर कुणाचं ते विचारायचे. इथे घर सुनेचं, सून दारात, सासू आत, आकडे सासूच्या हातात, आणि तरी घोडं कुठे अडलंय ते त्यांना नीट सांगता आलं नसतं.

"असं करा आई," सून म्हणाली, "मला काहीतरी विचारा. जे फक्त मला माहीत असेल."

आतून प्रश्न आला. "माझं कोणतं वागणं तुला सगळ्यात जास्त खुपतं?"

सुनेने काकांकडे पाहिलं. काकांनी जिन्याचा कठडा निरखायला सुरुवात केली.

"काहीच नाही, आई."

"मग तू ती नव्हेस. काहीच खुपत नाही अशी सून अजून जन्मायचीये."

सुनेने गळ्यातली शिट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी हळूच म्हणाली, "मी जेवण वाढते, तर तुम्ही घास घ्यायच्या आधीच मीठ घालता. नऊ वर्षं झाली. एकदा तरी चाखून मग घाला."

काकांना वाटलं, आता निघावं इथून. पण मग म्हातारीचा आवाज आला, मघापेक्षा बारीक. "चार, सात, शून्य, दोन."

सुनेने घाईघाईने आकडे दाबले. पट्टी लाल झाली आणि गोड आवाजात म्हणाली, या क्रमांकाची मुदत संपली आहे. नवा क्रमांक मागितला, तर तोच गोड आवाज म्हणाला, आजचे मोफत क्रमांक संपले, अमर्याद क्रमांकांसाठी सोनेरी योजना घ्यावी.

"म्हणजे बंद करायला फुकट आणि उघडायला पैसे?" काकांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

काका जरा ओशाळले. त्यांचाही धंदा तोच होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पट्टी अंगठ्याने चाचपली. खालच्या कडेला एक टोपण हललं. टोपणाखाली किल्लीचं भोक होतं, अगदी साधं, सुटकेसला असतं तेवढंच. दोन तारा, दीड मिनिट. दार उघडलं.

"इतकं सोपं?" सून म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, पण तिचा चेहरा पडला. "मग गेले वर्षभर आम्ही सुरक्षित कशाने होतो?"

काकांनी तारा पुसून पिशवीत टाकल्या.

आत गोळी दिली गेली, पाणी दिलं गेलं. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. सून भांडी नसलेलं ओट्याचं टोक पुसत राहिली, सासू चादरीची घडी पुन्हा पुन्हा मोडत राहिली. मग सासूच म्हणाली, "नऊ वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"लहानपणी घरात मीठ मोजून मिळायचं," म्हातारी म्हणाली. "पुढे मुबलक झालं, हात थांबला नाही. तुझ्या हाताच्या चवीशी त्याचा काही संबंध नाही गं."

सुनेने मान हलवली, पण तिला समजलं की नाही हे तिलाच ठाऊक नसावं.

दार आता लागेना. जबरदस्तीने उघडल्याचं कुलपाने मनावर घेतलं होतं. काकांनी पिशवीतून एक साधी कडी काढली आणि आतून चार स्क्रूंनी बसवली. त्यांना मजुरीचे आणि कडीचे पैसे मिळाले. काळी पट्टी मात्र तशीच राहिली, कारण वर्षाचे पैसे आधीच भरलेले आणि परत न मिळणारे होते.

खाली उतरताना साडेचारच्या सुमाराला घाईने वर येणारा एक माणूस जिन्यात भेटला. फोनकडे बघत, घाबराघुबरा.

"काका, तिसऱ्या मजल्यावरून आलात? माझ्या घरात अनोळखी माणूस शिरल्याचा मेसेज आलाय. फोटो बघायला पैसे मागतायत. तुम्ही कुणाला पाहिलंत का?"

काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पैसे भरू नका," ते म्हणाले. "वर जा. आणि आधी बायकोचं ऐकून घ्या."