भिजेल ते आपलं

प्रेमलाने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि धार बरोबर मिरचीच्या बुंध्यावर सोडली. वाफ्यात उकिडवे बसलेल्या कचरूरावांनी भिजलेलं रोप सोडून दिलं आणि शेजारचं कोरडं गाजरगवत मुळासकट उपटलं. धार पुढे सरकली, तसा त्यांचा हातही पुढे सरकला.

"भिजेल ते?" तिने हळूच विचारलं.

"आपलं."

"आणि कोरडं?"

"गवत. किती वेळा विचारशील? मी काय बालवाडीत आहे?"

येरवड्याच्या या बैठ्या घराच्या अंगणात कामाची वाटणी जुनीच होती. प्रेमलाच्या गुडघ्यांनी खाली बसणं सोडून चार वर्षं झाली होती, आणि कचरूरावांना हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी बादली उचलायला मनाई केली होती. म्हणून खुरपणी त्यांची आणि पाणी तिचं. "दोघांचा मिळून एक माळी होतो, तोही अर्ध्या दिवसाचा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. धारेची युक्ती मात्र नवी होती, दिवाळीनंतरची.

दिवाळीत त्यांनी मेथीचा अख्खा वाफा उपटून टाकला होता आणि गाजरगवत तेवढं राखलं होतं, वर त्याला माती भुसभुशीत करून पाणीही घातलं होतं. प्रेमलाला आधी हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच "मेथी कुणी खाल्ली?" म्हणून शेजारच्या कोंडीरामच्या शेळीला शिव्या घातल्या, तेव्हा मात्र ती न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर येऊन म्हणाली, "हो, शेळीच असणार." त्या गरीब जनावराने मेथीला तोंडही लावलं नव्हतं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हे विसरणं वाढतच जाणार, घरच्यांना सांगून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. घरचे म्हणजे प्रज्ञेश, एकुलता एक. खराडीच्या आयटी कंपनीत नोकरी, तिथेच अकराव्या मजल्यावर फ्लॅट. त्याला कळलं की तो दोघांना उचलून तिकडे नेणार आणि हे घर बिल्डरला देणार, हे तिला ठाऊक होतं. मागच्या गल्लीतल्या श्रीधर मास्तरांना मुलाने असंच नेलं होतं. मातीतला माणूस लिफ्टमधून खाली-वर करत राहिला आणि सहा महिन्यांत त्याला स्वतःची खोलीही सापडेना. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने ठरवलं होतं.

पण मूठ झाकून झाकून हात अवघडला होता. गेल्या महिन्यात पोस्टात जातो म्हणून निघालेले कचरूराव संगमवाडीच्या पुलावर सापडले. एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून फाटकाची किल्ली ती कमरेला खोचून फिरत होती. तिला भीती वाटायची, आणि ती थकलीही होती.

फाटकाबाहेर गाडी थांबली. प्रज्ञेश आणि त्याची बायको पूर्वा ठरल्याप्रमाणे आले होते. प्रेमलाने कुलूप काढलं आणि लगेच परत येऊन पाइप उचलला.

"जयभीम, बाबा."

"जयभीम!" कचरूरावांनी मातीचा हात वर केला आणि पुन्हा वाफ्यात घातला.

"बाबा, किती फास्ट करता हो तुम्ही!" पूर्वा म्हणाली. "आमच्याकडे मनी प्लँटसुद्धा टिकत नाही."

प्रज्ञेश हाताची घडी घालून नुसता बघत राहिला. तो कशासाठी बघतोय हे प्रेमलाला कळत होतं. तिने अंगठा आणखी घट्ट दाबला. वांगी, मिरची, मेथीची रांग. धार कुठे भरकटली नाही, आणि कचरूरावांचा हात एकदाही चुकला नाही.

"मस्तच चाललंय की," शेवटी प्रज्ञेश म्हणाला. "फोनवर तेच तेच तीनदा विचारतात, म्हणून मला वाटलं होतं..."

"वय झालंय त्यांचं. तुझे आजोबा तर चारदा विचारायचे."

तो हसला. जिंकलो, असं तिला वाटलं. आता तो फ्लॅटचा विषय काढणार, आणि त्याला काय सांगायचं हेही तिने आठवडाभर घोकून ठेवलं होतं.

प्रज्ञेश पायरीवर बसला.

"आई, कंपनी मला ऑनसाइट पाठवतेय. टेक्सासला. तीन वर्षं, कदाचित जास्तच. दोन महिने टाळत होतो, बाबांमुळे. पूर्वा म्हणाली, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून तर ये. उद्या उत्तर द्यायचंय."

प्रेमलाने पाइप खाली टाकला. पाणी अळवात साचत राहिलं.

"आता बघितलं ना," तो म्हणाला. "तरी काही अडचण असेल तर आत्ताच सांग. मी नाही म्हणेन. खरंच म्हणेन."

तो खरंच म्हणाला असता, आणि तिला त्याचंच वाईट वाटलं. एक वाक्य बोललं की पोरगा राहणार होता, पण मग तो अकरावा मजला आला, बंद दार आलं. नाही बोललं तर तीन वर्षं हा माणूस, ही किल्ली आणि ती एकटी. तिने ओठ पदराने पुसले.

कचरूराव भिंतीला धरून उठले. पायजम्याला हात पुसत आले आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर थोपटलं.

"जा रे बिनधास्त. हिची काळजी करू नकोस. गुडघे गेलेत हिचे, पण मी आहे ना हिला बघायला."

प्रज्ञेशचे डोळे भरून आले. त्याने आईकडे पाहिलं.

"हो," प्रेमला म्हणाली. "हे आहेत ना मला."