सरुबाईने नेलेली कुंची

टाकव्याच्या सरुबाईने जपानला जाताना बॅगेत काय काय कोंबलं होतं म्हणता! कुरडया, शेंगदाण्याची चटणी, मसाला, सुनेसाठी खण. तांदूळ तेवढे विमानतळावर अडवतात असं लेकाने फोनवर बजावलं, तेव्हा नाक मुरडून तिने ते परत डब्यात ओतले. सगळ्यात खाली, लुगड्याच्या घडीत, एक कुंची होती. तिच्याच जुन्या मऊ लुगड्याची, लाल काठ लावलेली, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येईल अशी. ती मात्र तिने नवऱ्यालाही दाखवली नव्हती. कैलास आणि प्रेरणाच्या घरी पाळणा हलावा, एवढंच आता तिचं देवाकडे मागणं उरलं होतं.

कैलास तिकडे मोटारींच्या कारखान्यात कामाला. रविवारी त्याने सकाळीच गाडी काढली आणि प्रेरणाला सोबत घेऊन आईबापांना देवळं दाखवायला निघाला.

पहिल्याच देवळात सरुबाईच्या नवऱ्याने, हौशीरामने, कमाल केली. बाहेरच्या कमानीपाशीच बूट काढून गडी नुसत्या मोज्यांवर ओल्या खडीतून चालू लागला. येणारेजाणारे बघतच राहिले.

"आबा, बूट आत पायरीशी काढतात!" कैलास मागून धावला.

"देवाची हद्द लागली की पायातलं काढायचं. मला नगं शिकवू."

पुढे डोंगर लागले, आणि डोंगराच्या पायथ्याशी कापणीला आलेली भातखाचरं. हौशीरामने गाडी थांबवायला लावली. बांधावर बसून एक लोंबी हलकेच हातात धरली, सोडून दिली आणि म्हणाला, "आरं, ह्ये तर आपलं आंदर मावळच की! उगा इमानाचा खर्च केला." सगळे हसले. प्रेरणाही हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"आता ते वरचं छोटं देऊळ," ती म्हणाली.

"आज नको," कैलास म्हणाला. "आई-आबा दमलेत."

"तुम्ही गाडीत बसा. मी जाऊन येते."

सुनेला एकटं सोडील ती सरुबाई कसली! पिशवी काखोटीला मारून तीही मागोमाग चढली.

वर देवदारांच्या सावलीत दगडी बाळांच्या ओळीच्या ओळी उभ्या होत्या. हातभर उंचीची, गोल डोक्याची, डोळे मिटलेली. गळ्यात लाल लाळेरी, पुढ्यात भिंगऱ्या आणि खाऊ. सरुबाईचा जीव हरखला. आपल्याकडे देवाला बोललेला नवस फेडताना मूल झालेल्या बाया देवळात पाळणा बांधतात, तसं इथे बाळ बसवत असणार, हे तिने कुणी सांगण्याआधीच ओळखलं. किती जणींना पावलाय हा देव! आणि पोरीने आपण होऊन इथे आणलं, म्हणजे तिच्याही मनात तेच आहे.

"प्रेरणा, पदर धर."

"आई, अहो..."

"धर म्हंते ना!"

प्रेरणाने ओढणीचं टोक पसरलं. सरुबाईने पिशवीतून खण काढला, सकाळी सुनेच्याच डब्यातून घेतलेले तांदूळ काढले. कुंकू लावलं आणि ओंजळीने ओटी भरू लागली. सुनेने मान खाली घातली होती, तांदूळ ओढणीबाहेर सांडत होते. लाजली असेल, असं सरुबाईला वाटलं.

"आता बग, फुडल्या वर्साला आपुन हितं आपलं बाळ बसवायला येऊ."

प्रेरणाने मान वर केली. डोळे डबडबले होते.

"बसवलंय, आई."

तिने बोट दाखवलं. शेवटच्या ओळीत, कडेला, अजून शेवाळ न चढलेलं एक बाळ होतं.

"ज्यांची मुलं जन्माआधीच जातात ना, ते बसवतात. देवाने त्यांना सांभाळावं म्हणून. गेल्या हिवाळ्यात... मुलगी होती. पाचवा महिना सरला की तुम्हाला सांगणार होतो. तो सरलाच नाही."

सरुबाईने त्या बाळाकडे पाहिलं. ती खाली बसली. त्याच हिवाळ्यात दर फोनला तिने विचारलं होतं, काय गं, अजून काय न्हाईच का? आणि या पोरीने दर वेळी हसून विषय बदलला होता. माझ्या नातीला एवढे महिने पोटात वागवून ही रिकामी झाली, आणि पाठीवरून हात फिरवायला घरचं एक माणूस नव्हतं.

तिने सुनेला ओढून कुशीत घेतलं. दोघी हमसून हमसून रडल्या. ओटीतले तांदूळ त्या दगडी लेकरांत विखुरले.

बऱ्याच वेळाने सरुबाई उठली. पिशवीतून कुंची काढली, त्या कडेच्या बाळाला घातली आणि गळ्याशी बंद बांधले. मग पुन्हा सोडून जरा सैल बांधले. खालून हौशीराम आणि कैलास येत होते. आईच्या तोंडाकडे बघून कैलास तिथेच थबकला.

"काय झालं गं?" हौशीरामने विचारलं.

"या. नात बगा आपली."

हौशीरामने कैलासकडे पाहिलं. कैलासने मान खाली घातली. मग हौशीरामने बूट काढले आणि अनवाणी पुढे आला.

दिवाळीआधी दोघं टाकव्याला परतले. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. शेजारची शकुबाई मुद्दाम बांध ओलांडून आली.

"काय सरुबाई, जपान पाह्यलं म्हनं. नातवंडाचं काय मग?"

सरुबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"हाय की. नात हाय मला."

"आगं बाई! आनि बोलली न्हाईस ती! कुनावर गेलीया?"

"डोळं मिटून असती, काय कळंना," सरुबाई म्हणाली. "डोंगरात गारठा लय पडतो तितं. कुंची घालून आले."