बोट दाखवायला शिकलेलं मूल

तपासणीच्या खोलीत चटईवर लाकडी ठोकळे, एक कापडी बाहुली आणि चेंडू मांडून ठेवला होता. अडीच वर्षांचा पोरगा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. दाराकडे तोंड करून बसला होता.

"बाळा, दिवा कुठे आहे? दाखव बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पोरगा ढिम्म.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना सासरे म्हणाले होते, "खेळणी मांडून बसायचा पगार मिळतो वाटतं त्या बाईला." आता पोर मंद असल्याचा शिक्का घेऊन घरी जायचं?

"बोट दाखवतो हो. घरी रोज दाखवतो, थांबा," ती घाईने म्हणाली आणि त्याच्या कानाशी वाकून तिने सासऱ्यांच्या खून झालेल्या थोरल्या भावाबद्दलचा, घरातला जेवणाच्या वेळचा प्रश्न विचारला. "सोन्या, थोरल्या आबांना कुणी मारलं?"

बोट झटकन वर आलं. उघड्या दारातून ते बाहेरच्या बाकावर रोखलं गेलं. तिथे रस्त्यापलीकडच्या, वैऱ्यांच्या घरातली सून तान्हं घेऊन बसली होती. तिने हाताने बाळाचं तोंड झाकलं.

डॉक्टरबाईंनी उठून दार लोटलं.

"झोपतो का हा?"

"दचकून उठतो. ओरडतो. घरात सगळे म्हणतात, वाघ आहे."

"घाबरलाय तो. अखंड पहाऱ्यावर बसवलेल्या पोराला दिवा दिसत नाही, चेंडूही नाही. शिकायच्या वयात तो नुसती राखण करतोय." त्या चटईवर बसल्या. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मुलं माझ्याकडे येतात. दचकतात अगदी सारखीच. मोठी झाली की एकमेकांवर धावून जातात आणि मग आपण सलोख्याच्या सभा भरवतो. मला तो सलोखा इथे सुरू करायचाय. गुरुवारी दोन्हीकडच्या आया मुलांना घेऊन खेळायला बसणार आहेत. याल?"

"आमच्या घरात कापून काढतील मला," ती हसत म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी ताटं वाढली. सासऱ्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, घास त्याच्या ओठांसमोर धरला.

"हं, वाघोबा. थोरल्या आबांना..."

"मामंजी, आजपासून हे विचारायचं नाही."

ताटांवरचे हात थांबले. पोरगा मात्र घास बघून, कुणी न विचारताच, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यापलीकडच्या घराकडे बोट धरून बसला. सासरे कौतुकाने हसले.

"बघितलंस? रक्तातच आहे."

"रक्तात नाही. भुकेल्या पोराला घास दाखवून आपण शिकवलंय."

"असं? मग मोठा होऊन हा करणार काय?"

"मोठा होईल."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या मुलाकडे वळले आणि त्याच मऊ, लाडिक आवाजात म्हणाले, "तू सांग रे. थोरल्या आबांना कुणी मारलं?"

तिचा नवरा दाढीमिशीवाला, दुकान चालवणारा माणूस. घास तोंडात तसाच राहिला. त्याचं त्यालाही कळायच्या आत त्याचा हात खिडकीच्या दिशेने उचलला गेला.

तिने सासऱ्यांच्या मांडीवरून पोराला उचललं आणि काही न विचारता घास भरवला.

"गुरुवारी आम्ही दोघं खेळायला जाणार आहोत," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीही चला."

त्याचा हात अजून खाली आला नव्हता.