टाळीची जागा

स्टेलाने तबकडीवरची धूळ पदराने टिपली आणि सुई अलगद टेकवली. आधी खरखर झाली, मग पियानो धडधडला आणि एक कोवळा आवाज ओरडत घरभर धावत सुटला.

नोहा सर स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळवा ठेवून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला.

"नुसती गुरगुर लागतेय. ढोल कुठला, टाळी कुठली, काय कळंना."

कानातलं यंत्रही आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत.

दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरांनी मायदेशी परतताना दिलेली ही तबकडी. सरांचे वडील प्रवचनकार. सैतानाचं गाणं घरात नको, असं त्यांनी बजावलं होतं.

"बाबा, हा गाणारा पोरगा चर्चमध्ये गातच मोठा झालाय," तेव्हाचा तरुण नोहा म्हणाला होता. "त्यांच्या उपासनेतबी अशाच टाळ्या पडतात. ठेका पडून गेला की मागच्या रिकाम्या जागेत. आपल्या भजनात न्हाई का?"

बाबांचा पाय मात्र ठेक्यावर हलत होता, असं सर अजूनही सांगत.

स्टेलाला मात्र ते गाणं कधी सोसलं नाही. सरांशी लग्न होऊन आली तेव्हापासून दर रविवारी उपासनेहून परतलं की हा गोंधळ. "एवढीशी ओळ, तिला एवढा आरडाओरडा कशाला!" म्हणत ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

आज तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, खुर्ची ओढली आणि त्यांचा हात मांडीवर घेतला.

"डोळे मिटा," ती ओठ नीट हलवत म्हणाली.

गाण्याबरोबर ती त्यांच्या तळव्यावर वाजवू लागली. बोटांनी ढोल, तळव्याने टाळी. हळूहळू सरांच्या कपाळावरची आठी गेली. खांदे डोलू लागले.

पहिलं कडवं संपतासंपता लाईट गेली. गाणाऱ्याचा आवाज जाड होत, रेंगाळत विझला.

स्टेलाची बोटं थांबली नाहीत. दुसरं कडवं झालं. पियानो एकटाच उधळतो, तिथे पाचही बोटं त्यांच्या तळव्यावर धावली. मग सगळं एकदम गप्प होतं, ती जागा आली. तिचा हात हवेतच थांबला. श्वाससुद्धा. आणि मग टाळी.

"बरोब्बर!" सर मोठ्याने हसले आणि हसताहसता त्यांचे डोळे उघडले.

वर पंखा थांबलेला होता. तबकडीही. स्टेला मान खाली घालून वाजवत होती आणि तिचे ओठ त्या परक्या भाषेतला एकेक शब्द पुटपुटत होते.

सरांनी घाईने डोळे मिटले.

शेवटचा ठोका पडला. स्टेला हात सोडवू लागली, तशी त्यांनी तिची बोटं धरून ठेवली.

"स्टेला," डोळे न उघडताच ते म्हणाले, "अजून एकदा लाव ना."