मोहरीची उशी

बशीरनं गादीची शिवण ब्लेडनं उसवली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि चपटा झालेला कापूस ओढून काढला. लग्नाआधी सुमैरा याच गादीवर झोपायची. ती रहिमतपूरला सासरी गेल्यावर या गादीवर पाहुणे झोपले, घरातलं मांजर झोपलं. आता ती आष्ट्याला माहेरी परत आली होती, तर तिला झोपच येत नव्हती.

"नवी द्या की करून," आतून त्याची बायको रहिमतबी म्हणाली. "आवं, गादीवाल्याच्या लेकीला जुनीच व्हय?"

"नवी नगं. ही तिला वळखती."

दुकान आणि घर एकच. मधल्या उंबऱ्यापाशी स्टुलावर सुमैरा बसली होती, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात. आईचा हुकूम होता. सांगलीच्या दवाखान्यात तिच्या पोटात गर्भ ठेवला होता, तो रुजला नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या होत्या, आता काही दिवस स्वतःकडे बघा, नीट जेवा, चाला, झोपा, पुढचं नंतर. आणि तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

सुमैरा सगळं करत होती. सकाळी आईबरोबर उसाच्या कडेनं चालून यायची, खारकेचं दूध प्यायची, डोक्यावर तेल थापून घ्यायची. अडलं होतं ते डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या वाक्याशी. ते काही तिला पटत नव्हतं. रिपोर्टची वाट बघायच्या दिवसांत एकदा घरात कुणी नसताना नळाला पाणी आलं होतं, आणि तिनं भरलेली बादली उचलून मोरीत नेली होती. नवरा अश्फाक म्हणाला, अगं, त्यानं काय होतंय. त्याला काय जातंय म्हणायला. डोळे मिटले की तिला ती बादली दिसायची.

बशीरनं जुना कापूस मागच्या मशीनमधून पिंजून आणला. मग खुंटीवरची, हातानं कापूस पिंजायची धनुकली काढली. तिची ताणलेली तात त्यानं बोटानं छेडून पाहिली, आणि सुमैराच्या अंगातून काहीतरी सरकत गेलं. लहानपणी दुपारची शाळा सुटली की ती इथंच यायची. हवेत कापूस उडत असायचा, पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आई तिला म्हातारी म्हणायची. तातीचा तो टणत्कार ऐकत ती पिंजलेल्या ढिगात झोपून जायची. अब्बा थांबले की मात्र लगेच जाग यायची, आणि मग ती भोकाड पसरायची. काय दिवस होते ते.

"मशीन बिघडलं का, अब्बा?"

"न्हाई. थोडाच हाय कापूस. एवढ्याशाला मशीन कशाला?"

त्यानं फळीखालून एक पिशवी काढली. आतला कापूस नवाकोरा होता, पण कधीतरी भरलेला, दाबलेला वाटत होता. तो तातीखाली धरून बशीरनं लाकडी ठोकळ्यानं तातीवर ठोका दिला. कापूस उसळला आणि त्यातून काहीतरी टपटप उडालं. एक दाणा सुमैराच्या घमेल्यात पडला. तिनं तो बोटावर घेतला.

"कापसात मोहरी कुठनं आली?"

बशीरचा हात थांबला. आतला भांड्यांचा आवाजही थांबला.

तान्ह्या बाळाचं डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी, आणि तिच्याबरोबर हातभर गादी. आष्ट्यात ती बशीरच्याच हातची. पण बाळ जन्मायच्या आधी त्यानं ती कधी कुणाला शिवून दिली नव्हती. हौशी आजोबा यायचे, हा त्यांना हसतहसत परत पाठवायचा. आधी येऊ द्या की पाव्हणं, मग देतो झटक्यात.

"तुझा फोन आला, गर्भ ठिवला म्हणून," बशीर ठोकळ्याकडे बघत म्हणाला. "ऱ्हावलं न्हाई मला. बसलो शिवायला. मग न्हाई रुजला म्हणून कळलं, तवा उसवून टाकलं सगळं. जल्मभर लोकास्नी परत धाडलं आन् सोताच घाई केली. माझ्यामुळंच झालं, पोरी. दुसरं कशानं हुनार?"

"अब्बा, कापसानं असं काय हुत न्हाई," सुमैरा चटकन म्हणाली. "तुमच्या हातनं काय चुकल्यालं न्हाई."

हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं, टेबलापलीकडून, तिच्यासाठी म्हटलेलं. घमेल्यातलं पाणी निवलं होतं. ती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"काय चुकल्यालं न्हाई," ती पुन्हा म्हणाली. या वेळी सावकाश, आणि अब्बांना नव्हे.

मग तिला रडू फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते सगळं आलं. रहिमतबी बाहेर आली, खाली बसली आणि ओढणीनं लेकीचे पाय पुसू लागली. पुसता पुसता नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे माझी मोहरी तुमी नेली व्हय? आन् मी शेजारणीवर संशय घेत बसले. बोलणं टाकलंय की तिच्याशी."

सुमैरा रडता रडताच हसली. नाक पुसून तिनं विचारलं, "ह्या कापसाचं आता काय करणार?"

"तुझ्या गादीत घालतो, वरच्या थराला. बाळासाठी आणल्याला, बाळाच्याच अंगाखाली जाऊ दे."

"आन् पुढं कवा लागला तर?"

"कापूस काय, दर साली येतो."

दुपारी गादी शिवून झाली. बशीर ती आत न्यायला निघाला, तर सुमैरानं इथंच टाका म्हणून सांगितलं. ती कुशीवर वळून पडली. बशीर उरलेला कापूस पिंजत बसला.

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. बशीरनं कापसाळलेल्या हातानं तो घाईघाईनं उचलला. अश्फाक होता. सांगलीच्या दवाखान्यातून पुढच्या तारखेचं विचारत होते, काय सांगू, म्हणत होता.

"निजलीया ती," बशीर हळू आवाजात म्हणाला. "न्हाई, मी उठवत न्हाई. ऱ्हाऊ द्या तारीख. तुमी जेवलासा का?"

फोन ठेवून त्यानं लेकीकडे पाहिलं. ती जराशी चाळवली होती. समोरचा कापूस संपला होता. बशीरनं धनुकली पुन्हा हातात घेतली आणि तातीवर नुसतेच, हलके ठोके देत राहिला.