आईचा आवाज आणि माझी काळी खिडकी

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि हे तुम्हांला सांगताना माझा पंखा आत्ताही गरगर फिरतो आहे!

घरात आलो तेव्हा माझे केवढे कौतुक! ताई माझ्यावर अभ्यास करी, दादाने माझ्यात सिनेमे ठासून भरले. त्यांची आई परिचारिका होती. रात्रपाळीला निघण्यापूर्वी ती एका छोट्या रेकॉर्डरमध्ये गोष्ट बोलून ठेवायची आणि मुले ती ऐकत झोपी जायची. पुढे मुले मोठी झाली, नवे फोन आले. रेकॉर्डर खणात गेला आणि मी कपाटावर, जुन्या चादरींखाली.

मग आईच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाज गेला. ती टाळी वाजवून हाक मारू लागली. घर कसे गप्प गप्प झाले.

एकदा आवराआवर करताना ताईला तो रेकॉर्डर सापडला. त्याचा स्पीकर मेला होता, आणि त्याची वायर बसेल अशी खाच घरात एकट्या माझ्याकडे होती! ताईने मला खाली उतरवून पुसले. आईच्या गोष्टींच्या फायली माझ्यात आल्या, पण मला त्या वाजवता येईनात. त्यांची पद्धतच फार जुनी होती.

"अगं, भंगारात दे तो डबा," दादा म्हणाला.

"थांब रे जरा! फायली बदलून देणारं टूल असतं. आधी ते बसवते."

ताईने माझी काळी खिडकी उघडली. तिथे चित्रे नसतात, बटणे नसतात. जे हवे ते टाइप करून सांगायचे. तिने कमांड लिहिली. मी उत्तर दिले, 'अशी कमांड सापडली नाही.' एक अक्षर राहिले होते! तिने ते घातले. मग मी सांगितले, 'जागा अपुरी आहे.'

ताईने दादाकडे पाहिले.

"माझे सिनेमे? अजिबात नाही हं!" तो म्हणाला. मग त्याची नजर आईच्या खोलीकडे गेली. "बरं, उडव सगळे."

आणि काय सांगू! ओळींमागून ओळी धावत सुटल्या. त्या टूलला दुसरे टूल लागे, दुसऱ्याला तिसरे. मी एकेक आणून बसवत होतो. अंग नुसते तापले होते. मध्येच इंटरनेट गेले. ताईने कपाळाला हात लावला. ते परत येताच तिने पुन्हा तीच कमांड दिली. शेवटी टूल बसले! तिने पहिली फाईल त्याच्या हवाली केली.

"झाली, झाली! आईला बोलाव!"

आई येऊन बसली. आधी खरखर झाली, आणि माझ्यातून तिचाच आवाज आला, "एक होतं आळशी अस्वल... ए, आधी पाय पुसून आत ये! किती वेळा सांगायचं?"

एवढा मोठा दादा, पण त्याने चटकन आपल्या पायांकडे पाहिले!

आईचे खांदे हसून गदगदा हलले. डोळे वाहत होते आणि तिने दादाचा कान धरला होता. मग तिने बोट फिरवून ताईला खूण केली. पुन्हा लाव!

मित्रांनो, तुमच्या माणसांचे आवाज एकाच यंत्रात कोंडून ठेवू नका. कुठेही वाजतील अशा फायली करा, दोन-तीन ठिकाणी जपा. नुसत्या गोष्टीच नकोत. मध्ये रागावणे आले, तर तेही कापू नका.